दक्षिणेचे दार

साळवे बाई दिशा सांगायला दक्षिणेपासून सुरुवात करीत. दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व. आम्ही त्याच क्रमाने शिकलो. पुढे जालन्याच्या मोठ्या शाळेत मी उभी राहून तशाच दिशा म्हटल्या तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि मला मात्र त्या हसण्याचे कारण कळले नाही. आजही अनोळखी ठिकाणी उतरले की माझे तोंड आधी दक्षिण शोधते. मग उरलेले जग हळूहळू आपापल्या जागी येऊन बसते. कधी बसतही नाही.

बाई आमच्या वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत शिकवीत. त्या आल्या होत्या शहागडकडच्या एका खेड्यातून, गोदावरीच्या काठून. अंगकाठी बारीक, पातळ नेहमी पांढरे, त्याला बोटभर निळा काठ. त्यांच्या जवळ गेले की खडूच्या भुकटीचा आणि शिकेकाईचा असा एक कोरडा, स्वच्छ वास येई. चालताना त्या मध्येच थांबत, मान वर करीत आणि डोंगराकडे पाहून पुन्हा चालू लागत. जणू तो जागेवर आहे ना, हे रोज तपासायला हवे.

तपासायला हवेच होते म्हणा. त्या वसाहतीत डोंगर सोडला तर कशाचाच भरवसा नव्हता. टेंभुर्णीहून उत्तरेला निघाले की काळ्या रानाची पातळी हळूच उचलत जाते आणि अजिंठ्याच्या रांगेचा एक फाटा समोर आडवा येतो. त्याच्या पायथ्याशी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सूतगिरणी उभी राहिली, आणि गिरणीसाठी वसाहत. आधी ती कागदावर आखली, मग दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी जमिनीवर उतरवली. वर डोंगराशी गिरणी, तिथून दक्षिणेला सरळ खाली येणारा मोठा रस्ता, त्याच्या एका अंगाला काटकोनात फुटलेल्या गल्ल्या, गल्लीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या रांगा. प्रत्येक घर दुसऱ्यासारखे: तोच पिवळा रंग, तीच दोन पायऱ्यांची ओटी, तीच हिरवी खिडकी. हवेत रुईचे तंतू तरंगत आणि केसांत, भाकरीत, पापण्यांवर येऊन बसत. सरकीचा तेलकट वास कपड्यांतून धुऊनही जात नसे. भोंगा झाला की माणसे एकदम रस्त्यावर येत, आणि पुन्हा भोंगा झाला की एकदम नाहीशी होत.

जिल्हा तेव्हा औरंगाबाद होता. जालना जिल्हा मागाहून झाला. म्हणजे आम्ही राहिलो एका जिल्ह्यात, आणि आता आठवण येते ती दुसऱ्याच जिल्ह्यातली.

"तुझं गाव कोणतं?" या प्रश्नाला आम्हा मुलांकडे उत्तर नव्हते. एसटीचा कंडक्टर "कालनीवाले, चला उतरा" म्हणे. आजोळी गेले की मावश्या म्हणत, "ते काय गाव हाय व्हय? गुरांचा असतो तसा गिरणीचा वाडगा हाय." बाईंना विचारले तर त्या म्हणत, "आधी नीट उभी राहा. मग बघ, कुठं उभी आहेस." मी नीट उभी राहात असे. पण कळत काही नसे.

घरे चिठ्ठ्या टाकून वाटली गेली होती. शाळेच्या पटांगणात एक मडके ठेवले, त्यात चिठ्ठ्या टाकल्या, आणि एका लहान मुलीने डोळे मिटून एकेक काढली. कोणाच्या शेजारी कोण राहणार, हे त्या दिवशी मडक्याने ठरवले. बाईंना ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला आवडे. "मडक्यानं आमच्या माणसांना फार छळलं होतं," त्या हसत म्हणत, "एकदा तरी बरं वागलं." मडके माणसांना कसे छळते, हे मला तेव्हा उमगत नव्हते. आमच्या घरातले मडके तर थंड पाणी देई. फार पुढे कळले की बाईंच्या आजोबांच्या पिढीपर्यंत त्यांच्या माणसांना थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके बांधावे लागे, अशी आठवण त्यांच्या घरात सांगितली जात असे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. बाई घरात बुद्धाची एक लहानशी मूर्ती ठेवीत आणि तिच्यापुढे पाण्याची वाटी. त्यांच्या खेड्यात त्यांची वस्ती गावाच्या दक्षिण अंगाला होती, वेशीच्या बाहेर.

आता आमच्या गल्लीविषयी. दक्षिणेकडून आले की पहिली गल्ली ती आमची. आमच्या रांगेची दारे उत्तरेला, डोंगराकडे उघडत. समोरच्या रांगेची दक्षिणेला. ज्याने वसाहत आखली त्याच्या लेखी दोन्ही दारे सारखीच. पण राहायला आलेली माणसे दक्षिणेकडे तोंड करून चूल पेटवणारी नव्हती. ती यमाची दिशा. पहिल्याच आठवड्यात समोरच्या रांगेतून पहारीचे आवाज येऊ लागले. एकेका घराने मागची भिंत फोडली, मागे दार काढले आणि पुढचे दार कायमचे लावून घेतले. घरांच्या मागे झाडूवाल्यांसाठी ठेवलेला अरुंद बोळ होता. तोच आता पुढचा रस्ता झाला. बोळात रांगोळ्या उमटल्या, तिथे पापड वाळू लागले, तिथेच पाहुण्यांना पाणी दिले जाऊ लागले. आणि झाडे लावलेल्या रुंद गल्लीत खरकटे पाणी येऊन पडू लागले. सगळ्याच गल्ल्यांत असे झाले. पोस्टमन बंद दारांवरच्या नंबरांशी तासन्‌तास वाद घालीत बसे. नवऱ्याकडे आलेली एक नवी सून तर दोन दिवस मागच्या घराला आपले घर समजून तिथल्या सासूचे पाय चेपत होती, असे आई सांगे.

एकाच घराने भिंत फोडली नाही. आमच्या बरोबर समोरचे, साळवे बाईंचे. त्यामुळे आम्ही दार उघडले की समोर सगळ्या पाठी दिसत आणि एकच चेहरा. त्या चेहऱ्याला कडुलिंबाचे रोप होते, धुतलेली पायरी होती, आणि संध्याकाळी उंबऱ्यात बसून वह्या तपासणाऱ्या बाई होत्या.

"भीती नाही वाटत?" मी एकदा विचारले.

"कशाची?"

"दक्षिणेची."

"मी तिकडूनच आले, बाळ," त्या म्हणाल्या. "तिथं माणसंच राहतात."

शाळेच्या पटांगणात त्या चुन्याच्या फक्कीने वसाहतीचा नकाशा काढीत आणि आम्हाला आपापल्या घरात उभे करीत. पण नकाशा त्या उलटा काढीत. दक्षिण वर, गिरणी आणि डोंगर खाली. मी कितीतरी दिवस समजत होते की आम्ही डोंगराच्या वर राहतो. आम्ही उभे राहिलो की त्या विचारीत, "आता सांगा, यात मागं कोण राहतं?" मुले इकडेतिकडे पाहत. कोणी कोणाच्या मागे होते आणि कोणी कोणाच्या पुढे. ज्याच्या मागे मी, तो दुसऱ्याच्या पुढे. "बोला की!" बाई म्हणत. कोणालाच सांगता येत नसे, आणि त्यावर बाई इतक्या खूश का होत, तेही कळत नसे.

वसाहतीची जमीन मुळात ज्यांची, त्यातले एक दौलतआबा. पांढऱ्या मिशा, खांद्यावर उपरणे. जमिनीच्या बदल्यात मुलाला गिरणीत काम आणि एक घर मिळाले होते. ते घर बाईंच्याच रांगेत होते, अर्थात दार फिरवलेले. आबांचे आणि बाईंचे चांगले जमे. त्यांची धाकटी लेक कुसुम बाईंकडे सातवीची तयारी करायला येई, आणि आबा तिला न्यायला म्हणून येऊन तासभर पायरीवर बसत. आपल्या जुन्या रानाच्या खुणा ते दाखवीत. "हितं आमची इहीर होती. तुमची चूल हाय ना बाई, तिथं बराबर बाभळ व्हती." बाई म्हणत, "मग धुराला बाभळीचा वास येतो तो त्याचाच." दोघे हसत. पण आबा अस्वस्थ असत. जमीन गेल्याचे ते बोलत नसत. ते वेगळेच काही बोलत. "रातच्याला गावाहून येतो न मी, तर कुठं आलो तेच कळत न्हाई. जिकडं तिकडं दिवे. गावात कसं, वेशीत पाय टाकला की माणूस घरी आला."

आणि एके दिवशी त्यांनी ठरवले की वसाहतीला वेस बांधायची.

सगळ्यांना ते पटले. माझे वडील गिरणीत फिटर होते, त्यांनाही पटले. वेस झाली की गाव होईल. मला तर फारच आनंद झाला, कारण मग मला त्या प्रश्नाचे उत्तर मिळणार होते. मी धावत बाईंना सांगायला गेले. बाई पाण्याने ओटी धूत होत्या. त्यांचा हात थांबला. पाणी पायरीवरून ओघळत राहिले. मला वाटले होते त्या हसतील. वसाहतीवर त्यांच्याइतके प्रेम कोणाचे होते? सुट्टीतसुद्धा त्या शहागडकडे फार दिवस राहत नसत.

"कुठं बांधणार?" त्यांनी एवढेच विचारले.

तेच तर कोणाला माहीत नव्हते. एका रविवारी आबा, माझे वडील, आणखी चारदोन माणसे आणि आम्ही मुले जागा पाहायला निघालो. बाईही आल्या. खालच्या एसटी थांब्यापाशी जागा रुंद होती, पण तो सडक खात्याचा रस्ता, तिथे बांधू देईनात. वर गिरणीच्या तोंडाशी बांधावी तर सगळी वसाहतच वेशीबाहेर. गावाचे तोंड कुठले, हेच ठरेना. निम्मी घरे पुढून मागे झालेली, निम्मी मागून पुढे. एक जण म्हणाला, "गाव सुरू कुठून होतं?" आणि सगळे आपापल्या दाराकडे बोट दाखवू लागले.

शेवटी आबांनी पहिल्या गल्लीच्या वर, बोळाच्या तोंडाशी काठी रोवली. "हितं. बोळापासून माणसांची दारं हायेत. गाव हितून लागतं."

मी वळून पाहिले. काठीच्या खाली आमची गल्ली राहिली होती. त्या गल्लीत दारे उघडत ती फक्त आमच्या रांगेची, आणि समोरून एक बाईंचे. समोरच्या रांगेतली बाकी सगळी घरे बोळात उघडत; ती वेशीच्या आत गेली. त्यांच्या भिंतीला भिंत लागलेले बाईंचे घर बाहेर.

"मग आम्ही?" दारात उभ्या असलेल्या माझ्या आईने विचारले.

"तुमचं बाहेर धरू नका सूनबाई," आबा मोकळेपणाने म्हणाले. "तुमी आपलेच. जागेची अडचण हाय म्हणून."

बाईंना ते काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवे, हे बहुधा त्यांच्या लक्षातही आले नसावे. मी मात्र पावले टाकून पाहू लागले. काठीपासून बाईंचे घर जवळ होते. आमचे घर गल्लीच्या पलीकडे, म्हणजे आणखी लांब. जे लांब ते आत, आणि जे जवळ ते बाहेर. मी पुन्हा मोजले. पुन्हा तेच आले. वडिलांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "चल घरी."

त्या संध्याकाळी आबा पायरीवर येऊन बसले. त्यांना एव्हाना काहीतरी सुचले होते. आम्ही समोर ओटीवर होतो. सगळे ऐकू येत होते.

"बाई, मी काय म्हंतो, तुमी दार फिरवा. भिंत मी पाडून देतो. पोराला सांगतो, उद्याच. खर्चा बिलकुल न्हाई. दार बोळात आलं की तुमी आत."

"आणि नाही फिरवलं तर?"

"तर..." आबा घुटमळले. "तर काय न्हाई. पण कशापायी बाहेर ऱ्हायचं?"

बाईंनी हातातली वही मिटली. मग त्यांची भाषा बदलली. शाळेतली गेली आणि कुठली तरी नदीकाठची आली.

"आबा, मडक्यानं मला हितं आणलं तवा हितं बाहेर नव्हतंच. म्हणून मी आल्ते. माझा बाप मरताना म्हणला, आपल्यातली एक तरी पोर बिनवेशीच्या गावात ऱ्हायला गेली. तुमी आज काठी रोवली, आन बाहेर तयार झालं. आता म्हंता, दार फिरव. मी फिरले तर मी आत येईन. बाहेर तर ऱ्हाईलच ना? उद्या कुणी तरी त्यात ऱ्हायला येईल."

"माझ्या मनात तसं काय नव्हतं हो बाई."

"मला माहीत हाय. म्हणून तर सांगून राह्यले."

आबा उठले. उपरणे झटकले. त्यात धूळ नव्हती. जाताना ते चुकून बंद दारांच्या बाजूने निघाले आणि स्वतःच्या घराच्या लावलेल्या दारापुढे जाऊन थांबले. मग लक्षात येऊन मागे वळले.

वेस झालीच. एकदा लोकांनी मनात घेतलेली गोष्ट आबांनाही थांबवता आली नसती. आणि त्यांनी तसा प्रयत्न केला की नाही, मला माहीत नाही. लोकांनी सुट्टीच्या दिवशी राबून दोन खांब उभे केले, वर कमान चढवली, हळदीच्या रंगाने ती रंगवली. पण वेशीला तट नव्हता. एका बाजूला बोळाचे तोंड, दुसऱ्या बाजूला मोकळे रान. मध्ये नुसते एक दार उभे, कशालाच न अडवणारे. शेळ्या बाजूने जात. वावटळ आली की धुळीचा खांब कमानीच्या शेजारून वर चढे. माणसे मात्र वेशीतून जात, आणि जाताना हात आपोआप कपाळाकडे नेत.

बाई वेशीतून गेल्या नाहीत. शाळा वर होती, त्यामुळे रोज दोनदा त्यांना तिथून जावे लागे. खांबाशी आल्या की त्या रस्ता सोडत, काळ्या मातीत उतरत, खांबाला वळसा घालीत आणि पलीकडे पुन्हा रस्त्याला लागत. रागाने नव्हे. पाण्याचे डबके चुकवावे तसे. पावसाळ्यात त्यांच्या वहाणांना चिखलाचे थर चढत. त्या वर्गाबाहेर उभ्या राहून काडीने ते काढीत आणि आत येऊन म्हणत, "हं. दक्षिण, पश्चिम..." मी एक दिवस त्यांच्या मागे चालले होते. वेशीपाशी मला कळेना कुठून जावे. मी खांबाला धरून उभी राहिले. बाई मागे वळल्या नाहीत. शाळेला उशीर झाला.

कुसुमचे लग्न ठरले तेव्हा आबा स्वतः अक्षता घेऊन बाईंच्या दारात आले. नवरदेव वाटूरकडचा. वऱ्हाडाला वेशीवर सामोरे जायचे, तिथे नवरदेवाला ओवाळायचे. वेस बांधल्याचे सार्थक आता व्हायचे होते. बाईंनी त्या दिवशी निळे रेशमी पातळ नेसले. प्रथमच मी त्यांना रंगात पाहिले. बँड वाजला, ताशा कडाडला, गुलालाचा गोड उग्र वास नाकात चढला, आणि सारी मिरवणूक कमानीखालून आत जाऊ लागली. बाईही मिरवणुकीत होत्या. खांबाशी येताच त्यांनी पातळाच्या निऱ्या चिमटीत धरल्या आणि त्या शेतात उतरल्या.

आबा कमानीखाली फेटा बांधून उभे होते. त्यांनी पाहिले.

"बाई! इकडून या की! आज तरी!" ते बँडच्या वर ओरडले. "मंग वेस बांधली कशाला?"

"तुमच्या पाव्हण्यांसाठी, आबा," बाई तिकडूनच म्हणाल्या. त्या हसत होत्या. "मी काय पाव्हणी हाय का?"

भोवतालचे हसले. आबाही हसायला लागले आणि मध्येच थांबले. वाक्य त्यांच्या कानात उशिरा पोचले असावे. नवरदेव पुढे आला, तरी ताट हातात घेऊन ते खांबाच्या बाजूला पाहत राहिले. "अहो, ओवाळायचं ना?" कोणीतरी त्यांना हलवले.

त्यानंतर काही दिवसांनी आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मला आठवते, सुपातून रुईचे तंतू उडत होते. आबा गिरणीकडून खाली आले. वेशीपाशी आले, थांबले, आणि काठी टेकत शेतात उतरले. वळसा घालून आमच्या गल्लीत आले तेव्हा धोतराला चिखल लागला होता.

"आबा, वेशीतून न्हाई आलात?" आईने विचारले.

"इकडून जवळ पडतंय, सूनबाई."

पडत नव्हते. आईने सूप पाखडले. समोर बाई कडुलिंबाला पाणी घालीत होत्या. आता तो त्यांच्या खांद्याला लागला होता. त्यांनी मान वर केली नाही, फक्त म्हणाल्या, "चिखल आहे, आबा. जपून."

"जपूनच चालत आलो जन्मभर," आबा पायरीवर बसत म्हणाले. "त्यानंच झालं समदं."

हे भांडण होते की समेट, मला ठरवता आले नाही. बाईंनी आत जाऊन त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते प्याले. पुन्हा बाभळीचा विषय निघाला. आबा पुढे नेहमी वळसा घालूनच येत. वेस मात्र त्यांनी पाडली नाही, आणि बाईंनी पाडा म्हटल्याचेही मी ऐकले नाही. गावातली बाकी माणसे कमानीतून जात-येत राहिली. आबांचा गुडघा बिघडला असेल, असे काहींना वाटे.

दशक संपत आले तेव्हा वडिलांनी जालन्याला काम धरले. सामान ट्रकवर चढले. मी आणि वडील मागे गादीच्या गुंडाळीवर बसलो, आई पुढे. बाई निरोपाला आल्या. माझ्या हनुवटीला धरून म्हणाल्या, "आता तिथं विचारतील, तुझं गाव कोणतं. काय सांगशील?"

मी खाली पाहिले. त्यांनी हनुवटी सोडली. उत्तर त्यांनी दिले नाही. ते त्यांच्याकडे होते की नाही, हा विचार मी अजूनही करते.

ट्रक दक्षिणेला उतरू लागला. मागे तोंड करून बसल्यामुळे सगळी वसाहत माझ्यासमोर राहिली: डोंगर, गिरणी, पिवळ्या पाठी. बाई गल्लीतून मोठ्या रस्त्यावर आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. अंतर वाढत गेले. पांढरे पातळ लहान होत गेले, काठाचा निळा आधी पुसला गेला. एसटी थांब्यापाशी पोचलो तेव्हा वेस आणि बाई एका रेषेत आल्या. कमानीच्या अगदी मध्यात त्यांची आकृती, मागे डोंगर. त्यांनी हात वर केला होता; निरोपाचा, की उन्हासाठी डोळ्यांवर धरलेला, कळत नव्हते. आणि त्या वेशीच्या अलीकडे आहेत की पलीकडे, तेही दिसेना. मी डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली.

"बाबा," मी वडिलांची बाही ओढली, "बाई आत उभ्या आहेत की बाहेर?"

वडिलांनी वळून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले,

"कशाच्या?"